शेजारच्या आजींचे हाल होतायत अशी शंका आली, आता तक्रार करू का?

ताई, तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं. कराड तालुक्यातलं गाव, शेजारी पंचाहत्तरीच्या आजी, मुलगा आणि सून दोघंही सकाळी कामाला जातात आणि जाताना बाहेरून कडी घालतात, वर्षभरात आजी खंगल्यात, दंडावर काळंनिळं दिसलं तर "पडले गं" म्हणाल्या, आणि रात्री कधीकधी ओरडण्याचा आवाज येतो. तुम्हाला तक्रार करावीशी वाटतीय पण माझाच गैरसमज असला तर काय, माझं नाव बाहेर आलं तर काय, आणि तक्रार करायची तर कुठं, हे तुमचे प्रश्न आहेत.

मी सांगली-मिरज भागात आधी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते आणि आता अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाणाऱ्या टीमबरोबर काम करते. त्यामुळं असं घर मी खूपदा आतून बघितलंय. पहिली गोष्ट हीच सांगते की तुमची खरी अडचण तक्रार करू की नको ही नाहीये, तुम्ही मनात धरून चाललाय की आधी खात्री झाली पाहिजे, पुरावा हातात आला पाहिजे, मगच बोलायचं. ते तुमचं काम नाही. खरं काय खोटं काय हे तपासायला पोलीस आहेत, घरातल्या छळाच्या तक्रारी बघणारे संरक्षण अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. तुम्ही जे डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी ऐकलं ते जसंच्या तसं त्यांच्यापर्यंत पोचवायचं, एवढाच तुमचा भाग. शेजारी पुरावा शोधत बसतात आणि तेवढ्यात सहा महिने जातात, आणि पंचाहत्तरीच्या अंगाला सहा महिने फार असतात.

आता हे लगेचचं आहे की दोन दिवस हातात आहेत ते आधी ठरवा. मारहाण चालू असल्याचा आवाज येतोय, आजी हाकेला ओ देत नाहीत, कडी बाहेरून आहे आणि आतून कण्हण्याचा आवाज येतोय, दोन दिवस घर बंद आहे, असलं काही असेल तर विचार करत बसू नका, ११२ ला फोन लावा. पोलीस पाटलांना पण त्याच वेळी बोलवा म्हणजे गाडी येईपर्यंत गावातलं जबाबदार माणूस दारात उभं असेल. बाकी सगळं मी खाली लिहिलंय ते त्यानंतरचं.

तसं लगेचचं नसेल तर आधी नीट बघून या. दुपारी भाजी द्यायच्या निमित्ताने जा, खिडकीतून का होईना. लोक वळ शोधतात, मी आधी पाण्याचा तांब्या शोधते. तांब्या खोलीत आहे का, आणि असला तर आजींचा हात पोचेल अशा जागी आहे का. उठता न येणाऱ्या माणसाची खाट एका भिंतीला आणि पाणी समोरच्या कोनाड्यात, हे मी कितीतरी घरात बघितलंय. मग जीभ बघायची, कोरडी पडून भेगा गेल्यात का. पायाची नखं बघायची, कारण हाताची नखं माणूस कसंतरी चावून कुरतडून बारीक करतं पण पायाची नखं दुसऱ्या कुणीतरीच कापायला लागतात, ती वळून मांसात रुतलेली दिसली तर त्या पायाला कित्येक महिने कुणी हात लावलेला नाही. केसात जटा, कपड्याला लघवीचा वास, टाचेला आणि कमरेखाली जखम. आणि उशाची गोळ्यांची पाकिटं. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या असतात, पाकिटावर तारीख जुनी आणि गोळ्या तशाच भरलेल्या असतील तर औषध दिलं जात नाहीये, आणि उलट झोपेच्या गोळ्या भराभर संपत असतील तर तेही वाईटच, दिवसभर गप पडून राहावं म्हणून दिलेल्या असू शकतात.

वळांचं थोडं सविस्तर सांगते कारण तिथं गैरसमज फार होतात. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी झालेली असते, त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नुसत्या दाराला हात लागला तरी मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग उठतात. नुसत्या तेवढ्यावरून मी कुणावर संशय घेणार नाही. पडल्यामुळे लागलेलं पण बहुतेक वेळा हातापायावर बाहेरच्या बाजूला, गुडघ्याला, कोपराला, कपाळाला असतं. मान, कान, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू, दंडाची आतली बाजू इथं सहसा पडून लागत नाही. दोन्ही दंडांवर सारखेच, बोटं रुतल्यासारखे डाग, किंवा मनगटाभोवती गोल काळी रेघ, हे दिसलं तर मी गंभीरपणे घेते. रंगावरून वळ किती दिवसांचा ते डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही, त्यामुळं तो हिशेब तुम्ही करू नका. फक्त कुठं दिसला, केवढा दिसला, आणि त्याबद्दल आजी काय म्हणाल्या, सून काय म्हणाली, दोघींचं जुळतंय का, एवढं लक्षात ठेवा.

रात्रीच्या ओरडण्याचं पण तसंच. स्मृतिभ्रंश असलेली माणसं संध्याकाळनंतर जास्त अस्वस्थ होतात, ओरडतात, "मला घरी सोडा" म्हणून रडतात, आणि ते स्वतःच्याच घरात असतात. लघवीचं इन्फेक्शन झालं तरी म्हातारं माणूस अचानक बरळायला लागतं. जखमेची पट्टी बदलताना पण माणूस ओरडतं. अशा आजी तुम्हाला सांगतील "सकाळपासून चहाचा घोट न्हाई दिला" आणि कपबशी शेजारीच पडलेली असते. पण म्हणून त्यांचं बोलणं सोडून द्यायचं असं अजिबात नाही, कारण ज्यांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्यांनाच त्रास देणं सगळ्यात सोपं असतं. त्यांचं बोलणं बाजूला ठेवलं तरी वजन, जीभ, कपडे, जखमा काय सांगतात ते बघायचं. वर्षभरात एवढं वजन उतरलंय तर निदान एक तपासणी झालीच पाहिजे, शुगर असेल, टीबी असेल, कॅन्सर असेल किंवा ताटातच काही पडत नसेल, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय ते कळणार नाही. आणि तपासणीला न्यायलाच घरचे तयार नसतील तर ती स्वतःच एक नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

कडीचं काय. आजी बाहेर पडून वाट चुकतात म्हणून कडी घालणारी घरं पण आहेत, त्यात वाईट हेतू नसतो. तरी दिवसभर आत एकटं माणूस, पडलं तर उचलायला कुणी नाही, गॅस-आग काही झालं तर बाहेर पडता येत नाही, म्हणजे हेतू चांगला असला तरी धोका तेवढाच राहतो.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या कामात सगळ्यात अवघड जागा हीच आहे. घरचे करत नाहीत, का त्यांना करताच येत नाही. तासगाव भागातलं एक घर आठवतंय, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती, नवरा-बायको उजाडायला बागेत जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे, आणि घरात पक्षाघात झालेली सासू. कमरेखाली तळहाताएवढा बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून झालेली जखम. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की सून बघतच नाही. आम्ही गेलो तेव्हा ती सून जखमेवर हळद भरत बसली होती आणि आम्हाला बघून रडायलाच लागली, कारण अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासाला कूस बदलून द्यायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, हॉस्पिटलमधून सोडताना फक्त गोळ्यांची चिठ्ठी हातात दिलेली. तिथं एअर बेड, पट्टी कशी करायची ते शिकवणं, दुपारी नणंदेनं यायचं ठरवणं, आशा ताईंची फेरी, एवढ्यावर जखम भरत आली. त्या घरावर पोलीस केस झाली असती तर म्हातारीचं काहीच भलं झालं नसतं.

आणि याच्या उलट विट्याकडचं एक घर. त्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली असतात, मागं गावात म्हातारी. दोन्ही मुलं दूर, पैसे वेळेवर पाठवत होती, आजोबांची श्रावणबाळ योजनेची पेन्शन पण यायची, आणि कार्ड-पासबुक सगळं जवळच्याच एका नातेवाईकाकडं. घर स्वच्छ, आजोबांच्या अंगावर एक ओरखडा नाही, नातेवाईक बोलायला एकदम गोड, चहा करून देणारा. पण आजोबांच्या पायजम्याची नाडी बघितली तर गाठीमागं गाठ, म्हणजे कंबर किती कमी होत गेली ते त्या नाडीवरच दिसत होतं. आणि आम्ही काहीही विचारलं की उत्तर तो नातेवाईक द्यायचा, एक प्रश्न त्यानं आजोबांना उत्तरू दिला नाही. पैसे खात्यावर आले की त्याच दिवशी काढलेले, आणि आजोबांना दिवसातून एकदा भाकरी. वळ नाहीत म्हणजे छळ नाही असं कधी समजू नका. पैसा दाबून ठेवणं, अंगठा घेणं, कोऱ्या कागदावर सही घेणं, माणसाला एकटं बोलू न देणं, हे पण त्यातच येतं.

तुमच्या शेजारी यातलं नक्की काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही आणि ते तुम्हालाही एका भेटीत कळणार नाही. दोन्हीत आजींना मदत लागणारच आहे हे मात्र नक्की, फक्त मदतीची जात वेगळी.

म्हणून आजींशी एकट्यात बोला. एकट्यात म्हणजे खरंच एकट्यात, सून स्वयंपाकघरात आहे आणि आपण सोप्यात बोलतोय असं नाही. "तुम्हाला मारतात का" असा प्रश्न पहिल्याच दमात विचारू नका, आई मुलाची अब्रू जिवापाड जपते, ती नाहीच म्हणणार. "आज काय जेवला, कुणी वाढलं, रात्री उठायचं झालं तर कोण असतं, दवाखान्यात कधी गेला होता, पेन्शनचं पुस्तक कुणाकडं असतं, घरात कुणाची भीती वाटते का" असं विचारत विचारत जा. आणि गप्प बसा, मध्येच तिच्या तोंडात शब्द घालू नका. बहुतेक आजी शेवटी एकच म्हणतात, "माझ्या लेकाला पोलिसात नगं गं नेऊ, माझं काय ऱ्हायलंय आता." हे ऐकायला लागेलच तुम्हाला. त्यावर माझं मत असं आहे की आजींचं डोकं शाबूत असेल, त्यांना काय चाललंय ते कळत असेल, तर त्यांच्या मर्जीला मान द्यायचा, म्हणजे पोलीस नको असतील तर दुसरा रस्ता दाखवायचा, पण त्यांनी नको म्हटलं म्हणून आपण घरी जाऊन झोपायचं नाही. आणि त्यांना कळतच नसेल, किंवा जिवाला धोका असेल, तर त्यांचं "नको" ऐकून थांबता येत नाही.

परत आल्यावर एका वहीत लिहून काढा. तारीख, वेळ, काय दिसलं, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दात. "सून छळते" असं लिहू नका, "दुपारी दोन वाजता बाहेरून कडी, आजी म्हणाल्या सकाळपासून खाल्लं नाही, ओठ कोरडे, उजव्या दंडावर आतून काळा डाग" असं लिहा. असं टिपण वाचल्यावर अधिकाऱ्याला हलावंच लागतं, नुसत्या "हाल चाललेत हो" वर कुणी हलत नाही. आजींचा फोटो किंवा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृपा करून टाकू नका, त्यांची लाज जाते आणि राग काढायला घरात त्याच सापडतात.

आता कुठं सांगायचं. ज्येष्ठांसाठी देशभर एकच हेल्पलाइन आहे, १४५६७, फोन फुकट लागतो, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, तिथं नुसतं काय करू म्हणून विचारलं तरी चालतं. बहुतेकांना मी सुरुवात तिथूनच करायला सांगते.

दुसरा रस्ता लोकांना माहीतच नसतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सुनेसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं, पण घरात राहणाऱ्या आईला पण तो लागू होतो, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातले "प्रौढ पुरुष" हे शब्द काढून टाकल्यापासून त्रास देणारी बाई असली तरी तक्रार करता येते. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी शंका असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि ती प्रामाणिक हेतूने दिलेली असेल तर माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तुमच्या "गैरसमज असला तर" या भीतीचं उत्तर हे आहे ताई. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, पंचायत समितीत किंवा तहसीलला विचारलं की तुमच्या तालुक्याचे कोण ते कळेल. नाव गुप्त ठेवा असं सुरुवातीलाच सांगा. खरं सांगायचं तर लहान गावात कुणी सांगितलं याचा अंदाज लोक लावतातच, म्हणून तुम्ही एकटीनं जाण्यापेक्षा आशा ताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर यांना बरोबर घ्या, त्या तशाही घरोघरी जातातच, त्यांच्या भेटीतून गोष्ट पुढं गेली की एकाच शेजाऱ्यावर बोट राहत नाही.

तिसरं, सांभाळ करत नाहीत, खायला-औषधाला देत नाहीत अशी तक्रार असेल तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्याचं न्यायाधिकरण प्रांत साहेबांकडं असतं, म्हणजे तुम्हाला कराडला प्रांत ऑफिसला. साठीच्या वरचं कुणीही अर्ज करू शकतं, स्वतःला जमत नसेल तर त्यांनी सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहून पण दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता लावता येतो, आणि तो फक्त घरात राहणाऱ्या मुलावर नाही, पुण्या-मुंबईतल्या मुलावर आणि लेकीवर पण लावता येतो. म्हाताऱ्या माणसाला सोडून देणं हा याच कायद्यात गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांना समजावण्यासाठी आधी समेट अधिकाऱ्याकडं पाठवतात, आणि कितीतरी घरं तिथंच ताळ्यावर येतात, त्यामुळं पोलीस नको म्हणणाऱ्या आजींना हा रस्ता पटतो. जमीन किंवा घर बक्षीसपत्रानं मुलाच्या नावावर करून दिलं असेल आणि सांभाळायच्या अटीवर दिलं असेल तर कलम २३ खाली ते रद्द मागता येतं, म्हणून ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी ती अट कागदात लिहून घ्याच. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट मदत मिळते, नंबर १५१००.

बाकीच्यांनी पण वाचावं म्हणून दोन ओळी. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथं करू की नको हा प्रश्नच नाही, न कळवणं हाच गुन्हा होतो, मुलांसाठी १०९८ आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला सांभाळणारेच छळत असतील किंवा टाकून देत असतील तर २०१७ च्या कायद्यात पोलीस ठाण्याला कळवायला सांगितलंय. दिव्यांगांच्या बाबतीत २०१६ च्या कायद्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवता येतं, म्हणजे आपल्याकडं तहसीलदार.

शेवटचं, आणि हे जास्त कुणी सांगत नाही. तक्रार गेल्यानंतरचे आठ-पंधरा दिवस आजींसाठी सगळ्यात नाजूक असतात, घरच्यांचा राग त्यांच्यावरच निघू शकतो. म्हणून तक्रार केली की लांब होऊ नका, उलट रोज काहीतरी निमित्त काढून डोकवा, सुनेशी नेहमीसारखंच बोला, जमलं तर तिला "दुपारी मी तासभर बसते त्यांच्याजवळ" असं स्वतःहून म्हणा. ती थकलेली असेल तर हो म्हणेल, लपवण्यासारखं असेल तर टाळेल, आणि दोन्हीतून तुम्हाला कळतंच काहीतरी. लेखी अर्ज दिला असेल तर पोच घेतलेली प्रत जपून ठेवा, पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही तर त्याच प्रतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात दुसरा अर्ज द्या. आणि आजी अचानक दिसायच्याच बंद झाल्या, "मावशीकडं गेल्यात" असं काहीतरी सांगायला लागले, तर त्याच दिवशी परत फोन करा.